नऊ खिडक्या, तीन कोटेशनं आणि कुणीच न लिहिलेला सांधा

गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच-सात मिनिटांवर माझ्या आत्याचं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे पडवी आणि आतोबांच्या वडिलांच्या वेळच्या सागवानी खिडक्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हापासून पश्चिमेच्या चार खिडक्यांची झडपं धड मिटत नव्हती. दर पावसाळ्यात झड आत यायची, खिडकीखालचा गिलावा फुगायचा आणि दिवाळीत रंग काढला की पुढच्या आषाढात पुन्हा तेच. शेवटी आत्याने ठरवलं की सगळ्याच खिडक्या बदलायच्या. चिपळूणचा अॅल्युमिनियमवाला, पुण्याच्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) खिडक्यांच्या कंपनीचा माणूस आणि गावचे सुतारकाका, असे तिघेजण येऊन गेले. मी बांधकामांची अंदाजपत्रकं करतो, त्यामुळे कागद माझ्यापुढे आले.

"एक म्हणतो पंचाहत्तर हजार, एक म्हणतो सव्वा लाखाच्या आत. आणि सुतारकाका म्हणतात, सगळ्या कशाला बदलताय! आता कोण खरं बोलतोय ते तू सांग," आत्या म्हणाली.

हे प्रकरण तपशिलात लिहितोय, कारण कोकणात घराघरात हाच पेच पडतो. मुंबई-पुण्यातली मुलं फोनवर विचारतात, "चौरस फुटाला काय दर लावलाय?" आणि त्या एका आकड्यावर निर्णय होतो. या घरात तो आकडा कसा फसवा निघाला, ते आकड्यांनिशीच सांगतो. रकमा या घरापुरत्या आणि त्या हंगामापुरत्या आहेत, तुमच्या गावात वेगळ्या असतील. पडताळायची रीत मात्र तीच लागेल.

कागदांवर काय होतं

अॅल्युमिनियमवाल्याने लेटरहेडवर हाताने चार ओळी लिहिल्या होत्या. थ्री ट्रॅक स्लायडिंग (तीन खाचांतून सरकणारी), जाळीसकट, ५२० रुपये चौरस फूट, एकूण १४४.२५ चौ. फूट, ७५,०१० रुपये. खाली बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा" आणि "जुना माल आमचा". काच किती मिमीची, साधी की टफन्ड (तापवून कडक केलेली), सेक्शन म्हणजे चौकटीची पट्टी किती जाडीची, रंग कसला, जुन्या चौकटी काढणार कोण, यातलं काहीही नव्हतं.

पुण्याच्या कंपनीचं कोटेशन छापील आणि देखणं होतं. यूपीव्हीसी स्लायडिंग, ५ मिमी टफन्ड काच, जाळी, बसवणूक आणि जीएसटी धरून मूळ किंमत १,६८,००० रुपये. त्यावर ३० टक्के सूट देऊन १,१७,६००. मात्र ही सूट "आज बुकिंग केलं तरच". ऑर्डरसोबत सत्तर टक्के आगाऊ. खिडक्यांची मापं नव्हती, सगळ्या नऊ मिळून एकच रक्कम.

सुतारकाकांनी कागद दिलाच नाही. त्यांनी प्रत्येक खिडकीच्या खालच्या आडव्या लाकडात पेचकस टोचून पाहिला आणि सांगितलं, "उत्तरेच्या दोन आणि स्वयंपाकघरातली, या तिघींना हात लावू नका. बिजागऱ्या बदला, तावदानांची लांबी (पुट्टी) नव्याने भरा, रंग द्या. दक्षिणेच्या दोघींचं खालचं लाकूड गेलंय, तेवढं बदलून देतो. पश्चिमेच्या चारांचं मला काही खरं वाटत नाही." तिघांपैकी भाव सांगण्याआधी खिडकी नीट पाहिली ती फक्त सुतारकाकांनी.

आधी फूटपट्टी

मी सगळ्यात आधी मापं घेतली. चिऱ्याच्या जुन्या घरात भिंतीतली मोकळीक सहसा काटकोनात नसते. त्यामुळे रुंदी वर, मध्ये आणि खाली, आणि उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे मोजायची आणि सगळ्यांत लहान माप धरायचं. दोन्ही कर्णही मोजायचे. कर्णांत फरक दिसला तर चौकट बसवताना एका बाजूला फट मोठी राहणार, हे तेव्हाच कळतं.

पश्चिमेच्या चार आणि दक्षिणेच्या दोन खिडक्या ३ फूट १० इंच बाय ४ फूट २ इंच निघाल्या. उत्तरेच्या दोन २ फूट १० इंच बाय ३ फूट १० इंच, आणि स्वयंपाकघरातली ३ फूट ४ इंच बाय ३ फूट १ इंच. नऊ खिडक्या मिळून क्षेत्र १२७.८३ चौ. फूट. मग १४४.२५ आले कुठून? अॅल्युमिनियमवाल्याने प्रत्येक माप पुढच्या अर्ध्या फुटाला नेलं होतं. ३ फूट १० इंचांचे ४ फूट झाले, ४ फूट २ इंचांचे साडेचार. एका मोठ्या खिडकीचे १५.९७ चौ. फूट कागदावर १८ झाले, आणि सगळ्या खिडक्या मिळून जवळजवळ तेरा टक्के क्षेत्र वाढलं.

याला मी लबाडी म्हणणार नाही. काच ठरावीक आकारात येते, कापल्यावर तुकडे वाया जातात आणि तो तोटा कारागीर असा वसूल करतो. या धंद्यात माप पुढे नेण्याची पद्धत जुनीच आहे. पण मग तुलना करताना ५२० हा दर धरायचाच नाही. ७५,०१० ला १२७.८३ ने भागलं की ५८७ रुपये येतात. त्याचा खरा दर हा.

पुण्याच्या माणसाकडून मी खिडकीवार मापं मागून घेतली. ती मिलिमीटरमध्ये होती आणि माझ्या मापांशी जुळली. म्हणजे त्याचं मोजमाप चोख होतं, लपवाछपवी होती ती किमतीच्या मांडणीत. १,१७,६०० मधून अठरा टक्के जीएसटी वजा केला की ९९,६६१ उरतात, म्हणजे चौरस फुटाला ७८० रुपये. मूळ किंमत म्हणून छापलेले १,६८,००० मी विचारातच घेतले नाहीत. ती रक्कम कुणी प्रत्यक्षात भरत असेल असं मला वाटत नाही. "आजच बुकिंग करा" या अटीबद्दल आत्याला सांगितलं, की ज्याला माल विकायचाय तो पुढच्या महिन्यातही विकेल. झालंही तसंच. पुढच्या महिन्यात त्याच दराने नवं कोटेशन आलं. सत्तरीच्या माणसांना एका दुपारीत लाखाचा निर्णय घ्यायला लावणं मला अजिबात पटत नाही. माल कितीही चांगला असो, ही रीत वाईट आहे.

दोन्ही कागद एका पातळीवर

मग एका कोऱ्या कागदावर आम्ही आमची मागणी लिहिली: नऊ खिडक्या, ५ मिमी टफन्ड काच, जाळी, रंगाचा थर, जुन्या चौकटी काढणं, कडेचा गिलावा पूर्ववत करणं, वाहतूक आणि कर. याच कागदावर दोघांनाही आकडे भरायला सांगितलं.

अॅल्युमिनियमवाल्याच्या ५२० मध्ये काच साधी होती, टफन्डसाठी चौरस फुटाला ७० जास्त. अॅल्युमिनियम कच्च्या चंदेरी रंगाचं होतं, पावडर कोटिंगचे, म्हणजे भाजून पक्क्या केलेल्या रंगाचे, ४५ जास्त. दोन्ही त्याच्याच मापाने धरले, म्हणजे १०,०९८ आणि ६,४९१. चौकटी काढायचे खिडकीमागे ८००, एकूण ७,२००. बेरीज ९८,७९९, त्यावर जीएसटी १७,७८४. गिलाव्याचं काम तो करत नाही, गवंड्याने खिडकीमागे १,२०० सांगितले, त्याचे १०,८००. एकंदर १,२७,३८३ रुपये.

पुण्याच्या कंपनीला जागा मोकळी करून हवी होती. १,१७,६०० मध्ये चौकटी काढायचे ७,२००, गवंड्याचे १०,८०० आणि घाट उतरून गुहागरपर्यंत काच आणायचे वेगळे ४,००० मिळवले की १,३९,६००.

पहिल्या दिवशी दोघांत ४२,५९० रुपयांचा फरक दिसत होता. एकाच मागणीवर आणल्यावर तो १२,२१७ राहिला. चौरस फुटाला ९९७ विरुद्ध १,०९२. ज्याला आत्या "निम्म्यात देतोय" म्हणत होती, तो निम्म्याच्या जवळपासही नव्हता.

इथे कराबद्दल सांगायला हवं. अॅल्युमिनियमवाल्याने आतोबांना फोनवर सांगितलं होतं, "बिल नको असेल तर जीएसटी वाचेल." ते अठरा हजार वाचतील खरे, पण त्याबरोबर हमी मागण्याचा कागदी पुरावाही जाईल. खिडकी दुसऱ्या पावसात गळली तर कशाच्या आधारावर बोलावणार? शिवाय करचुकवेगिरी ती करचुकवेगिरीच. मी त्याच्याकडे जीएसटी क्रमांक मागितला. पंधरा अक्षर-अंकांचा, महाराष्ट्राचा म्हणून २७ ने सुरू होणारा. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला तर दुकानाचं नाव जुळलं. हे पाहणं गरजेचं असतं, कारण काही छोटे दुकानदार कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठरावीक कर भरायची सोय) असतात आणि त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. नोंदणीच नसेल तर तर प्रश्नच मिटला. तरीही कागदावर "जीएसटी वेगळा" लिहिणारे भेटतात.

"जुना माल आमचा" ही ओळ आत्याने वाचूनही सोडून दिली होती. जुन्या घराचं सागवान म्हणजे कित्येक वर्षं वाळून बसलेलं लाकूड, ते नवं विकत मिळत नाही. चौकटी काढायचे पैसे आपण द्यायचे आणि लाकूडही त्याला द्यायचं, हा सौदा मला मान्य नव्हता. ती ओळ खोडून घेतली.

पाणी नेमकं कुठून येत होतं

इथवर भावाची तुलना झाली. पण भाव योग्य आहे का, हे ठरवायला त्या भावात आपलं दुखणं बरं होणार आहे का, हेही पाहावं लागतं. आत्याचं दुखणं पाण्याचं होतं.

मार्चमध्ये, कोरड्या दिवशी, बागेची नळी घेऊन पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून पाणी मारलं. हे खालून वर करत न्यायचं. आधी फक्त खिडकीखालच्या भिंतीवर, मग खालच्या सांध्यावर, मग बाजूंना, शेवटी झडपांवर आणि वर. सगळीकडे एकदम मारलं तर पाणी आत आलेलं दिसतं, पण आलं कुठून ते कळत नाही. आतोबा आत बसून भिंतीवर हात फिरवत होते. झडपांपर्यंत नळी पोहोचायच्या आतच त्यांनी हाक मारली. चारही खिडक्यांत पाणी खालच्या सांध्यातून, चौकट आणि चिरा यांच्यामधून शिरत होतं. दोन खिडक्यांत ते झडपांच्या फटीतूनही येत होतं, पण तो भाग दुय्यम.

कारण उघड होतं. खिडकीखालचा बाहेरचा कठडा सपाट, किंबहुना एका ठिकाणी आतल्या बाजूला उतरता होता. चिरा सच्छिद्र दगड. पाणी साचलं की तो पितो आणि आतल्या गिलाव्याला देतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि पावसाळाभर वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा. या भिंतीवर पाऊस आडवा येतो. पूर्वी मे अखेरीस पश्चिमेला झावळ्यांच्या झडी बांधत, त्या या भिंतीचं रक्षण करत होत्या. घरातली हाताखालची माणसं कमी झाली आणि झडी बांधणं बंद पडलं, तेव्हापासून हा सांधा उघडा पडला.

आणि तिन्हींपैकी एकाही भावात या सांध्याची ओळ नव्हती. सव्वा लाखाची नवीकोरी खिडकी त्याच सपाट कठड्यावर, त्याच फटीत बसवली असती तर पहिल्याच आषाढात आतली भिंत पुन्हा ओली झाली असती. मग विक्रेता म्हणाला असता की खिडकीत दोष नाही, भिंतीत आहे. ते खरंही असतं. माझ्या मते कोकणात खिडकीच्या कोटेशनची पहिली ओळ सांध्याची असायला हवी, प्रोफाइल (चौकटीची पट्टी) आणि काच त्यानंतर.

मग सांध्याचं काम काय, ते आम्ही लिहून काढलं. कठड्यावर कडप्पा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, भिंतीच्या पुढे इंचभर आलेला, आणि त्याच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच, म्हणजे थेंब मागे वळून भिंतीवर न येता तिथेच सुटतो. चौकटीभोवती आठ-दहा मिमी फट ठेवायची. आत पीयू फोम (फुगून फट भरणारा फेस), बाहेर फोमची गोल दोरी आणि त्यावर न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन गिलाव्याला नीट धरत नाही आणि धातूही खातं, ते चालणार नाही. फोम उघडा सोडला तर उन्हाने भुगा होतो, म्हणून बाहेरून तो झाकलेलाच हवा.

गवंडी म्हणाला, "फट कशाला, सिमेंट ठासून भरतो, हलणार नाही." लाकडी चौकटीला ते चालत आलंय. यूपीव्हीसी मात्र उन्हात वाढतं आणि गारव्यात आखडतं. सवा मीटरच्या चौकटीत तीस अंशांच्या फरकाला साधारण अडीच मिलिमीटर. सिमेंटने आवळली तर चौकट वाकते, नाहीतर सिमेंट तडकतं आणि त्या तड्यातून पुन्हा पाणी. याच कारणाने आम्ही गडद रंग टाळून पांढरा घेतला, तो कमी तापतो.

चिऱ्यात स्क्रू धरवणं हेही नाजूक काम. चिरा मऊ, कडेला फुटतो. ड्रिल ठोके बंद ठेवून चालवायचं, लांब फ्रेम-फास्टनर वापरायचे, कोपऱ्यापासून दीडशे-दोनशे मिमीवर पहिला, आणि दोघांत सहाशे-सातशे मिमीपेक्षा जास्त अंतर ठेवायचं नाही. वादळात खिडकी काचेमुळे जाते तशी चौकट उखडूनही जाते.

स्लायडिंग की उघडणारी

दोघांनीही स्लायडिंगच सुचवलं होतं. ते बनवायला सोपं आणि स्वस्त. पण पश्चिमेला स्लायडिंगचा खालचा ट्रॅक म्हणजे पन्हळ. आडव्या पावसात तो भरतो, बाहेरची निचऱ्याची भोकं वाळूने आणि पानांनी बुजली की पाणी आत उलटतं. सरकणाऱ्या झडपांना ब्रशसारखी पट्टी असते, ती वारा पूर्ण अडवत नाही. बाहेर उघडणारं झडप मिटलं की रबरी गॅस्केटवर दाबून बसतं. शिवाय स्लायडिंग उघडून उघडून निम्मंच उघडतं. मे महिन्यात वीज गेल्यावर अख्खी खिडकी उघडी मिळणं काय असतं, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. दुहेरी काचेचा मुद्दा पुण्याच्या माणसाने काढला होता. आत्याकडे एसी नाही, खिडक्या वर्षातले बहुतेक दिवस उघड्या असतात. तो खर्च आम्ही तिथेच थांबवला.

उघडणाऱ्या खिडकीचे दर मागवले. अॅल्युमिनियममध्ये डोमल (जाड, भारी प्रकारचं) सेक्शन, पावडर कोटिंग, टफन्ड काच, ७८० रुपये, पण पुन्हा पुढे नेलेल्या मापाने. खऱ्या मापाने ८७९. यूपीव्हीसीत आतल्या जाळीच्या झडपासकट ९२०. चार खिडक्यांच्या ६३.८९ चौ. फुटांवर फरक २,६०० रुपयांच्या आसपास.

इतक्या कमी फरकात आम्ही यूपीव्हीसी घेतलं. त्याचे कोपरे तापवून एकजीव केलेले असतात, अॅल्युमिनियमचे जोडून सीलंट भरलेले. खारा वारा यूपीव्हीसीला खात नाही. अॅल्युमिनियमला चांगलं कोटिंग असेल तर तेही वर्षानुवर्षं टिकतं, पण जिथे कोटिंग खरवडलं जातं किंवा साधा लोखंडी स्क्रू लागतो तिथे पांढरी पूड धरते. खिडकी याहून बरीच रुंद असती तर माझं मत उलट झालं असतं. अॅल्युमिनियम कितीतरी ताठ असतं, मोठ्या रुंदीला वाऱ्यापुढे तेच वाकत नाही.

यूपीव्हीसी घेतानाही कंपनीचं नाव पाहून भागत नाही. प्रोफाइलच्या बाहेरच्या भिंतीची जाडी विचारली. युरोपीय मानकात वरच्या वर्गाला ती किमान २.८ मिमी आणि त्याखालच्याला २.५ लागते. बाजारात त्याहून पातळही मिळतं. आत गंजरोधक जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी आहे का, ती कापलेला नमुना पाहून खात्री केली. बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेसचे हवेत हे लिहून घेतलं, निदान ३०४ प्रतीचे, समुद्राकडच्या बाजूला ३१६ असेल तर उत्तम. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते मिठाला जास्त पुरतं. लोहचुंबक लावून पाहावा. घट्ट चिकटला तर तो स्क्रू या कामाचा नाही. चिकटला नाही म्हणून तो ३०४ च आहे, असं मात्र नाही. चुंबक तेवढं सांगत नाही, त्यासाठी बिलावर लिहून घ्यावं लागतं. कंपनीची दहा वर्षांची हमी प्रोफाइलची होती आणि हार्डवेअरची एकाच वर्षाची. किनाऱ्यावर आधी जातं ते हार्डवेअर. म्हणून "दहा वर्षांची वॉरंटी" हे ऐकून एक रुपयाही जास्त देऊ नये. टफन्ड काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो, तो चारही खिडक्यांत दिसल्याशिवाय माल उतरवून घ्यायचा नाही असं ठरलं. ती काच एकदा टफन्ड झाली की कापता येत नाही, त्यामुळे माप चुकलं तर नुकसान कुणाचं, हेही आधीच लिहिलं: माप घेणाऱ्याचं.

शेवटी दिलेली रक्कम

नऊच्या जागी चारच खिडक्या बदलल्या. सुतारकाकांचं निदान मी तपासून पाहिलं होतं आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. पश्चिमेच्या चार खिडक्यांचे ९२० दराने आणि जीएसटीसह ६९,३५९ रुपये. वाहतूक ४,०००. चौकटी काढायचे ३,२००. कडप्पा, उतार आणि गिलावा, खिडकीमागे २,५०० प्रमाणे १०,०००. दक्षिणेच्या दोन खिडक्यांचं खालचं लाकूड पश्चिमेच्या काढलेल्या चौकटींच्या चांगल्या सागातूनच निघालं, त्यामुळे मजुरी आणि नवी झडपं मिळून सुतारकाकांनी ११,००० घेतले. उरलेल्या तीन खिडक्यांच्या बिजागऱ्या, लांबी, रंग ४,५००. सगळं मिळून १,०२,०५९ रुपये. पश्चिमेच्या खिडक्यांना सगळ्यात महाग दर मोजूनही एकंदर खर्च दोन्ही कोटेशनांच्या खऱ्या बेरजेपेक्षा कमी आला, आणि त्यात सांध्याचं काम धरलेलं होतं.

आगाऊ रकमेवर थोडी ओढाताण झाली. खिडक्या मापावर बनतात, ऑर्डर मोडली तर त्या दुसऱ्या कुणाच्या कामाच्या नसतात, म्हणून विक्रेत्याने आगाऊ मागणं मला रास्त वाटतं. पण सत्तर टक्के आधीच गेले तर शेवटच्या कामाला धाक उरत नाही. ऑर्डरला पन्नास टक्के, माल आल्यावर चाळीस, आणि नळीने पाणी मारून तपासल्यावर दहा, यावर मिटलं. विक्रेत्याने आधी नाही म्हटलं, मग दोन दिवसांनी होकार दिला.

मे महिन्यात काम झालं. पाण्याच्या तपासणीत तीन खिडक्या कोरड्या राहिल्या. वायव्येच्या कोपऱ्यातल्या चौथीला डाव्या बाजूच्या खालच्या टोकाला ओल दिसली. तिथे चिऱ्याची कड फुटली होती आणि दोरी न भरताच सिलिकॉन ओढलं होतं. कारागिराने ते कापून काढलं, गवंड्याने कड भरली, ती सुकेपर्यंत थांबलो, मग पुन्हा दोरी आणि सिलिकॉन. दुसऱ्यांदा पाणी मारलं तेव्हा आतोबांचा हात कोरडा होता, आणि राहिलेले दहा टक्के आत्याने त्याच दिवशी दिले.

स्वयंपाकघराच्या खिडकीचं एक तावदान अजून खडखडतं. गणपतीनंतर सुतारकाका ते बघणार आहेत, आणि त्याचे पैसे वरच्या साडेचार हजारांतच धरलेले आहेत.